गाठोड्यात हात

माझ्या भाच्यानं माझ्या घरात, मला न विचारता, भिंतीला खिळा ठोकला.

मी मागं शेळीला पाला टाकत होते. ठकठक ऐकू आली, वाटलं शेजारी काहीतरी करत असतील. आत येऊन बघते तर बुद्धभूषण खुर्चीवर चढलेला, हातात माझ्याच खलाचा बत्ता, आणि तथागतांच्या तसबिरीच्या बाजूला एक काचेची चौकट लटकलेली. सोनेरी काठ, खाली दोन सह्या, एक गोल शिक्का. महामारीच्या काळात दवाखान्यातल्या रुग्णांचा रोजचा आकडा एकही दिवस खंड न पाडता वेळेत पाठवला, म्हणून सन्मान. जालन्यात तो भाड्याच्या खोलीत राहतो, मालक खिळा मारू देत नाही, म्हणून यानं सन्मान उचलून वाटूरला माझ्या भिंतीवर आणला. आणि चौकटीच्या बराबर खाली माझा माणूस, पुंजाराम, वॉकर पुढं धरून बसलेला. त्यालाच हा विचारतो, "मामा, तिरकं तर न्हाई ना?"

पुंजारामनं मान वर करून बघितलं. "सरळ हाय," म्हणाला. त्याचा स्वभाव असा, की अंगावर छप्पर पडलं तरी सरळ पडलं का तेवढं बघेल.

मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत माझं डोकं जानेवारीत जाऊन परत आलं. तेच सांगते.

माझी कापूस वेचणीची टोळी आहे. एकवीस बायका, आणि तीस वर्षं झाली मी ती चालवते. संध्याकाळी बाई गाठोडं घेऊन येते, ते काट्याला लागतं. काट्याचं काम वजन सांगायचं, तो सांगतो. पण वरच्या पांढऱ्याशुभ्र बोंडांखाली कुणी पाणी शिंपडलेला कापूस दडवते, कुणी मातीचं ढेकूळ, आणि एकदा तर आख्खा पाटीएवढा दगड निघाला होता, जिनं घातला तीच म्हणाली हा कुठून आला गं बाई. म्हणून काट्याला लावायच्या आधी मी गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालते. तीस वर्षांत काटा माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. गाठोडी बोलली.

जानेवारीत शेवटची वेचणी चालू होती. ट्रॉलीत कापूस भरला की वर चढून तो तुडवायचा असतो, म्हणजे जास्त मावतो. हे तरण्या पोरांचं काम. पुंजारामची साठी उलटून चार वर्षं झालेली, तरी हा वर. मी म्हटलं, उतर. तो म्हणाला, "तू तुझ्या बायकांना शिकव." आणि उतरला, पण पायांवर नाही, खुब्यावर.

जीपच्या मागच्या सीटवर आडवा घालून जालन्याला नेला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या दोन सिस्टरांनी माझ्या माणसाचं घाण-पाणी केलंय. दारातच आधी नाकात काडी. काडी घातल्याशिवाय खाट नाही, मग पाय मोडलेला असो की डोकं. पुंजारामच्या नाकात घातली, सोबत आलेली म्हणून माझ्याही घातली, आणि तासाभरात दोघांनाही कोरोना निघाला. ना ताप, ना खोकला. म्हणतात वास जातो. मला तर तिथल्या फिनाइलचा वास नको तेवढा येत होता.

बुद्धभूषण त्याच दवाखान्यात कंत्राटावर कॉम्प्युटरला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, बी. ए. झालेला, माझ्याच घरून परतूरच्या शाळेत जायचा. धावत आला, लांब उभा राहिला.

"आत्या, मामांना कोरोनाच्या वार्डात टाकतील. तुला घरी पाठवतील, सात दिवस बाहेर पडायचं न्हाई."

"आन् त्याच्याजवळ कोण? त्याला पाणीबी उठून घेता येत न्हाई."

"त्या वार्डात नातेवाईक चालत न्हाईत." मग जरा विचार करून म्हणाला, "पण तूबी पॉझिटिव्हच हाय ना. मंग तुलाबी पेशंट दाखवतो. मामांच्या शेजारची खाट."

मी म्हटलं, दाखव. वर त्याला आशीर्वाद दिला. आज ते लिहायला आवडत नाही, पण दिला.

असं आम्ही दोघं नवराबायको, एक मोडलेला आणि एक धडधाकट, कोरोनाचे रुग्ण झालो.

वार्डात पुंजारामच्या पायाला दोरी बांधली, ती खाटेच्या टोकावरून खाली सोडली आणि तिला दोन विटा लटकवल्या. हाड वर सरकू नये म्हणून. जन्मभर मी दुसऱ्यांचा माल काट्याला लावला, आता माझा माणूस लागला. हाडाचा डॉक्टर अकिब नावाचा, तिशीतला पोरगा, तोंडावरून पायापर्यंत पांढऱ्या पिशवीत. त्यानं फोटो उजेडाला धरून बघितला.

"मावशी, परवा शनिवारी करून टाकू. जल्दी झालं तर काठीवर चालतील. आठ-दहा दिवस असेच पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल, आन् हाड बसलं तरी पाय आखूड बसेल."

शनिवारी पुंजारामला पहाटेपासून उपाशी ठेवला. दहा वाजले, अकरा वाजले, विटा लोंबताहेत, न्यायला कुणी येईना. मी दारापर्यंत जायचे, परत यायचे. बारा वाजता ज्योत्स्ना सिस्टर आली, त्या वार्डाची मुख्य. म्हणाली, मामांना जेवायला द्या, ऑपरेशन बंद झालंय.

"कुणाचं?"

"सगळ्यांचं. कोरोनाचे पेशंट चाळीसच्या वर गेले की ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टर आन् भूल देणारे डॉक्टर इकडं द्यायचे, असा इथला नियम हाय. आज त्रेचाळीस झाले."

"कमी कधी होतील?"

"ते मला कसं माहीत, मावशी? पेपरात तर आलंय, खाटा भरत चालल्या."

रविवारी सकाळी मी तो आकडा तयार होताना बघितला. दहाच्या ठोक्याला बुद्धभूषण आला. वार्डाच्या दाराला काच आहे. तो काचेच्या बाहेर उभा राहिला, मोबाइलवरची नजर न काढता बोटानं टकटक केलं. ज्योत्स्ना सिस्टर आतून दाराशी गेली.

"किती?"

"त्रेचाळीस."

तो गेला. एवढंच. मी हात केला तोवर त्याची पाठ दिसली.

किती, हे विचारलं. कशाचे, हे नाही. मी खाटेवर बसले, उठले, परत बसले. पुंजाराम म्हणाला, "तुला काय चावलं?" मी म्हटलं, मुंग्या. आणि उठून सिस्टरकडून मलमपट्टीची हातभर पट्टी मागून घेतली.

टोळीचा हिशोब मी सुतळीला गाठी मारून ठेवते, कुणाची किती गाठोडी आली ते. तसंच केलं. पहिल्या खाटेपासून सुरू झाले. पायथ्याशी उभं राहायचं आणि विचारायचं, "बाबा, घरून निघालास तेव्हा काय दुखत होतं?" ज्याला दम लागत होता, ताप होता, त्याची साधी गाठ. ज्याला दुसरंच काही होतं आणि काडीनं कोरोना सांगितला, त्याची दुहेरी गाठ.

आणि काय काय निघालं म्हणून सांगू. एकाला कुत्रं चावलेलं. एकाचं अपेंडिक्स. एकजण मोटारसायकलवरून म्हशीवर आदळलेला, म्हैस बरी होती. दोन मुतखडे. दोन बाळंतिणी. एक बाई दळायच्या गिरणीत पदर अडकून हात मोडून आलेली, तिला विचारलं खोकला आहे का, तर म्हणाली, "पिठानं येतो, पण तो तर वीस वर्षांपासूनचा." भिंतीवर प्रत्येक खाटेच्या वर प्राणवायूची नळी, पण बहुतेकांच्या नळ्या नुसत्या लटकलेल्या, माणसं खाली बसून पोहे खात होती. खोलीच्या पार टोकाला मात्र वेगळंच. तिथं माणसं उशांना टेकून, तोंड उघडं, डोळे छताला. तिथला आवाज मी कधी विसरणार नाही. आणि चार सिस्टर त्रेचाळीस खाटा धावत होत्या. म्हशीवर आदळलेल्याचा ताप बघायचा, तो लिहायचा, मग मुतखड्याचा बघायचा, तो लिहायचा. टोकाच्या म्हाताऱ्यानं हात वर करून ठेवलेला, तो तसाच.

दुहेरी गाठी मारता मारता माझ्या स्वतःच्या खाटेशी आले. माझी कुठली मारायची? मला काहीच झालं नव्हतं. माझ्यासारखी आणखी पाच निघाली. बापासोबत आलेला एक मास्तर, नवऱ्यासोबतची बायको, अशी. सगळ्यांना कुणी ना कुणी मेहेरबानी करून पेशंट दाखवलेलं. आमच्यासाठी पट्टीला गाठ मारलीच नाही, टोकाला फाडून सहा दशा काढल्या.

एका दशेचं नाव अकबरबी. जुन्या जालन्यातली, माझ्याच वयाची, दातांत मिश्री. तिची सून इरम पोट कापून बाळंत झालेली, काडीत कोरोना, म्हणून इथं. सासूही काडीत निघाली, म्हणून शेजारच्या खाटेवर. नातू तिच्या मांडीवर.

"तू सबकू क्या पूछती फिर रै?" अकबरबी म्हणाली. "जनगणनावाली हाय का?"

"कापूस मोजते."

"कापूस तेरे दिमाग में हाय." पण बाजूला सरकून मला बसायला जागा केली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, नातवाचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मतलब हम दोनों की वजह से तेरा बुढ्ढा लटक रै."

"दोघींमुळं न्हाई. सहाजणांमुळं. त्रेचाळीसमधून सहा गेले की सदतीस."

"तो तू जा. मैं नै जाती. बहू के पेट कू टाके हैं, बच्चे कू कौन उठाएगा? तेरा भांजा?"

मीही तिच्या जागी तेच बोलले असते, आणि अजून चार शब्द वर.

सोमवारी सकाळी मी पट्टी ज्योत्स्ना सिस्टरला दाखवली. आधी हसली. मग मी एकेका गाठीवर बोट ठेवून खाट सांगत गेले तशी हसायची थांबली, आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवायला लागली. दहा साध्या, सत्तावीस दुहेरी, सहा दशा. अकिब डॉक्टर आला तेव्हा तिनं पान त्याच्यासमोर धरलं. तो उभ्या-उभ्या दोनदा वाचला.

"मी हेच आठ दिवसांपासून बोलून राह्यलो," म्हणाला, "पण मोठे साहेब म्हणतात, तोंडी नको, कागद आणा." मग त्याचं बोट एका खाटेवर थांबलं. "ही गाठ चुकली, मावशी. हा तातेराव."

तातेराव अंतरवाली सराटीचा, तिथं चौकात त्याची चहाची टपरी. मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, साखर वाढली म्हणून आलो. मी दुहेरी गाठ मारून पुढं गेले.

"साखर वाढली, पण कशानं वाढली?" डॉक्टर म्हणाला. "गोळ्या बराबर चालू होत्या त्याच्या. कोरोनानं उसळवली. काल संध्याकाळपासून दमबी लागून राह्यला."

मी जाऊन बघितलं. कालचा बोलका माणूस नळीवर होता. मला बघून हात हलवला, बोलला नाही. मी वरवरचा पांढरा कापूस बघून पुढं गेले होते, तीस वर्षांच्या सवयीची बाई. खाटेवर बसून ती गाठ सोडवायला लागले तर सुटेना, तोंडावरचा मास्क खाली ओढून दातानं सोडवली आणि साधी मारली. मग उरलेल्या सव्वीस खाटांवर परत गेले, डॉक्टरला सोबत घेऊन, आणि एकेकाचं परत विचारलं. तो नळीचं बघायचा, मी घरचं विचारायचे. तास गेला. सव्वीस सव्वीसच राहिले. पण आता ते कुणी विचारून ठेवलेले सव्वीस होते.

डॉक्टर म्हणाला, "सव्वीस लोकांना इथून हलवता येणार न्हाई, काडी लागलेली हाय. पण त्यांना दमाच्या सिस्टर लागत न्हाईत. हे साहेबांना पटेल. फक्त रोजचा आकडा जो पाठवतो त्यानं लिहून द्यायला पाहिजे. आन् ते सहा..." त्यानं पान सिस्टरला परत दिलं. त्याला माहीत होतं, त्या सहांत मी एक.

मंगळवारी दहा वाजता काचेवर टकटक झाली तेव्हा दाराशी मी उभी होते.

"आत्या? सिस्टर कुठं हाय?"

"तिच्या जागी मी सांगते. त्रेचाळीस. त्यातले अकरा कोरोनानं आलेले. सव्वीस दुसऱ्या दुखण्यानं आलेले, इथं आल्यावर काडी लागलेले. सहा नुसतेच. लिही."

काचेतून आवाज दबून जातो, त्यात दोघांच्या तोंडाला फडकी. त्यानं कान काचेला लावला. मी परत सांगितलं.

"आत्या, तसं कॉलम न्हाई. एकच कॉलम हाय, दाखल रुग्ण."

"मंग बाजूला लिही."

"बाजूला जागा न्हाई."

"खाली लिही."

"खाली सही असते."

"मंग सहीच्या खाली लिही, बुद्धभूषण. सहीच्या खाली जमीन तर हाय ना?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "वरून विचारतील, इतके दिवस काय पाठवलं म्हणून. मी कंत्राटी माणूस. आन् यादी उघडली की पहिलं नाव तुझंच निघंल. तुला पेशंट मीच दाखवलं."

"म्हणून म्हणते, पहिलं माझंच काढ."

"मंग तुला बाहेर जावं लागंल. मामांजवळ कोण?"

हाच प्रश्न मी दोन रात्री मला विचारत होते. ज्योत्स्ना सिस्टर मागं येऊन उभी राहिलेली मला कळलं नव्हतं. "मामांचं मी बघते," ती म्हणाली. "सहाजणांची धावपळ वाचली तर एकाचं बघता येतं."

बाकीच्या चौघांशी मी आधीच बोलले होते. मास्तर लगेच तयार झाला, शिकलेला माणूस, त्याला त्रेचाळीसमधून सहा वजा करायला वेळ लागला नाही. नवऱ्यासोबतची बायको रडली, पण पिशवी भरली. राहिली अकबरबी. ती जागची हलली नाही. फक्त नातवाला घेऊन खाटेवरून उतरली, सुनेच्या उशाशी स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"खाट छोड दी," म्हणाली. "स्टूल पे बैठे आदमी कू गिनता क्या तेरा भांजा?"

ज्योत्स्ना सिस्टरनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "एक स्टूल मला दिसणार न्हाई," ती हळूच म्हणाली. "सहा दिसतील."

म्हणजे माझ्यासाठी स्टूल नव्हतं. बरोबरच होतं ते. त्या ओल्या बाळंतिणीशी एक जाणती बाई हवीच होती.

मी पुंजारामच्या पाठीखालची घडी सरळ केली, पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लागेल असा ठेवला, विटांची दोरी तपासली. पिशवी काखेत घेतली.

"कुठं निघाली?"

"तुझ्या पायासाठी चालले."

"पाय तर इथं हाय."

"मला माहीत हाय कुठं हाय ते. पाणी पीत जा. आन् सिस्टर कूस बदलायला आली की दुखतंय म्हणून तिच्यावर खेकसू नकोस, ती तुझी बायको न्हाई."

तो हसला नाही. माझा पदर त्यानं दोन बोटांत धरून ठेवला होता, तो मला सोडवून घ्यावा लागला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, असा त्यानं पहिल्यांदाच धरला होता, आणि मी सोडवून घेतला.

काचेच्या दारातून बाहेर आले आणि बुद्धभूषणच्या बाजूला, सहा हात लांब उभी राहिले. तिथून आत बघितलं. तिथून खरंच काही दिसत नाही. खाटा, डोकी, पांढरं. पुंजारामच्या विटासुद्धा दिसत नव्हत्या.

"आता विचार," मी म्हटलं.

बुद्धभूषणनं काचेवर टकटक केलं. "किती?"

"सदतीस," आतून सिस्टर.

तो थांबला. मी त्याच्याकडं बघत होते.

"कशाचे?"

सिस्टरनं वहीचं मागचं पान काचेला लावलं. त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि हातातल्या रोजच्या कागदावर सहीच्या खाली बारीक अक्षरात उतरवून घेतलं. पेनानं नाही, पेन्सिलीनं, तरी उतरवलं. डॉक्टर त्याला घेऊन मोठ्या साहेबांकडं गेला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बुद्धभूषण घामेजून बाहेर आला, पण नोकरी शाबूत होती.

मी जालन्यातच, मस्तगडला बुद्धभूषणच्या खोलीच्या बाहेरच्या पडवीत दिवस काढायला लागले. पायाला भिंगरी लागलेली. सहा पावलं जायचं, सहा यायचं. सिस्टर दोनदा फोन करायची. बुधवारी म्हणाली, ऑपरेशनच्या सिस्टर परत गेल्या. तिनं त्या दिवशी आणखी एक सांगितलं, की टोकाच्या खाटांना दोन सिस्टर फक्त त्यांच्या म्हणून मिळाल्या. गुरुवारी, पडल्यापासून आठव्या दिवशी, पुंजारामला आत घेतलं.

हाड बसलं. पण आठ दिवस ते आठ दिवसच. पाठीला तळहाताएवढी जखम झाली होती, ती भरायला उन्हाळा गेला. पाय दोन बोटं आखूड. काठीवर येणारा माणूस वॉकरवर आला. तातेराव दहा दिवस नळीवर राहून वाचला, त्याच्या शेजारचे दोघं वाचले नाहीत. अकबरबीचा नातू आता बसतो म्हणे, तिनं फोनवर त्याचं रडणं ऐकवलं.

चहा उकळून वर आला होता. कपात ओतला आणि बाहेर नेला. बुद्धभूषण चौकट रुमालानं पुसत होता.

"आत्या, कसं दिसतंय?"

मी कप त्याच्या हातात दिला. "ते पेन्सिलीचं तू किती दिवस लिहिलं?"

त्याला लगेच कळलं कशाचं ते. "दोन दिवस. मंगळवार, बुधवार."

"आन् गुरुवारपासून?"

"गुरुवारी मामांचं ऑपरेशन झालं ना."

"म्हणजे मामाचं झालं आन् तुझं विचारणं संपलं. आत दुसऱ्या कुणाचा मामा विटांना लटकलेला न्हवता?"

"कॉलमच न्हवता, आत्या." कप खाली ठेवला त्यानं. लहानपणी तोंड पाडायचा तसंच पाडलं. "पण मी खोटा आकडा कधी पाठवला न्हाई. खाटेवर जेवढे, तेवढे. एकाचाबी फरक न्हाई. पाहिजे तर ज्योत्स्ना सिस्टरला विचार."

पुंजाराम मधेच म्हणाला, "पोराला चहा तर पिऊ दे."

"पिऊ दे की. पितापिता ऐकू दे." मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "तू खोटारडा न्हाईस, बुद्धभूषण, हे मी चार माणसांत उभी राहून सांगन. माझ्या टोळीत ओला कापूस दडवणाऱ्या बाया हायेत, त्या लबाड हायेत. पण त्यांचा हात गाठोड्यात गेलेला असतो, आत काय हाय ते त्यांना माहीत असतं. तू रोज दहा वाजता काट्यासमोर उभा राह्यला आन् एकदाबी हात घातला न्हाईस. लबाडाला मी पकडू शकते. तुला कुठं पकडू? ह्या चौकटीतले दोन दिवस तुझे, ते मी मानते. बाकीचे माझ्या भिंतीवरून उतरव. खिळा राहू दे, तुझ्या मामाला टोपी अडकवायला कामाचा हाय."